दिवेलागणीचं विरजण

"मग माणसं जोडायची म्हणजे आणखी काय करायचं असतं, आक्का? तुम्हीच सांगा आता!"

केतकीने पोतं उलटं केलं. स्टीलचे डबे खणखणत मठाच्या अंगणात पसरले. एक घरंगळत तुळशीकट्ट्याला जाऊन थांबला. कट्ट्यावरचं मांजर पळालं.

हिराआक्का तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

"डबे चांगले आहेत," त्या म्हणाल्या.

"चांगले आहेतच! मी स्वतः निवडलेत. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मधुबन सोसायटीत घरोघर वाण म्हणून दिले. आज सगळ्यांनी मिळून परत पाठवले. वॉचमनच्या हातून. पोत्यात कोंबून. वाण कोणी परत करतं का, आक्का?"

"नाही करत."

"मग?"

आक्कांना एक खडा सापडला. तो त्यांनी बाजूला टाकला.

"मग त्यांना ते वाण वाटलं नसेल."

कराडबाहेर कोयनेच्या काठी, मधुबनपासून हाकेच्या अंतरावर हा लहानसा मठ. हिराआक्का तिथे एकट्या राहत. लोक त्यांच्याकडे भांडणं घेऊन येत, आणि कधी कधी ती तिथेच विसरून जात.

केतकी रणपिसे घरं विकून देण्याचं काम करी. मार्केटिंगला कॉलेजात पहिली आलेली. धंदा सुरू करताना ती आक्कांच्या पाया पडायला आली होती, तेव्हा आक्का एवढंच म्हणाल्या होत्या, "आधी माणसं जोड."

तिने जोडली. मंडळाच्या कमानीवर तिचं नाव. क्रिकेटच्या पोरांच्या पाठीवर तिचं नाव. दिवाळीत घरोघर उटणं. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी फुलांचं चित्र.

आणि आज हे पोतं.

"काय झालं ते नीट सांग," आक्का म्हणाल्या. "आणि खाली बस की. उभ्यानं माणूस जास्त ओरडतं."

केतकी बसली. ओरडणं तेवढंच राहिलं.

"थोरवे सिस्टर माहीत आहेत ना? सरकारी दवाखान्यातल्या. म्हाताऱ्या वडिलांना घेऊन एका खोलीत राहतात. मधुबनमध्ये तळमजल्यावर घर विकायला निघालंय. वडिलांना जिना चढवत नाही, म्हणून तेच हवंय. बँकेचं कर्ज मंजूर. मालक राजी. आणि सोसायटी म्हणते, नको!"

"का?"

"एकटी बाई! नवरा सोडलेली! रात्रपाळी करते, कधी येणार, कधी जाणार... हे गलांडेकाका मला तोंडावर म्हणाले. अध्यक्ष ना ते! रात्री छातीत दुखलं की याच बाईला 'सिस्टर, सिस्टर' म्हणून हाका मारतील. सलाईन लावून घ्यायला चालते. शेजारी चालत नाही!"

"कायदा काय म्हणतो?"

"त्यांना असं नाही म्हणताच येत नाही. मी तक्रार केली आहे."

"बरं केलंस. मागे घेऊ नकोस."

केतकी थबकली. तिला वाटलं होतं, आता आक्का समजूत घालणार. मोठी माणसं तेवढंच करतात.

"पण तक्रारीचा निकाल लागेपर्यंत मालक थांबायचा नाही," ती म्हणाली. "त्याला सगळ्यांशी गोडीत निघायचंय. म्हणतो, सोसायटी राजी असेल तरच. परवापर्यंत थांबतो, नाहीतर दुसऱ्याला देतो. म्हणून मी काल मीटिंगमध्ये उभी राहिले आणि विचारलं, तुमच्या मंडपाला मी, टीशर्टला मी, वाणाला मी. माझा एक शब्द राखता येत नाही तुम्हाला?"

"असं म्हणालीस?"

"म्हणाले. का नाही म्हणायचं?"

आक्कांनी पायाशी पडलेला एक डबा उचलला. झाकणावर लाल अक्षरं होती... रणपिसे प्रॉपर्टीज, घर घ्यायचंय? त्याखाली फोन नंबर.

"याच्यावर तुझं नाव आहे."

"जाहिरात आहे ती. सगळेच टाकतात."

"मग हा डबा त्यांचा कधी होता?"

राग आला की केतकीच्या कानाच्या पाळ्या लाल होत. त्या झाल्या.

"त्यांच्या घरात तुझे डबे होते," आक्का म्हणाल्या. "तुझ्या घरात त्यांचं काय आहे?"

"माझ्या? काही नाही. मी कुणाकडून काही घेत नाही."

"हं..."

आक्का उठल्या. चुलीवरच्या दुधात करंगळी बुडवून पाहिली.

"दूध कोमट झालंय. दही मांजरानं सांडलं. विरजण घेऊन ये."

"आत्ता? आक्का, मी इथे..."

"आत्ताच. नंतर दूध गार होतं."

"बरं. डेअरीतून पाकीट आणते."

"डेअरीतून नको. मधुबनमधून आण."

"मधुबन!"

"गलांडेबाईंकडून."

केतकी हसली. ते हसू बरं नव्हतं.

"ज्यांनी पोतं पाठवलं, त्यांच्याच दारात? दही मागायला? चमचाभर?"

"चमचाभर पुष्कळ होतं."

"मी मागणार नाही. माझं काही चुकलेलं नाही!"

"चुकलं म्हणून कोण दही मागतं, पोरी?"

केतकी ताडकन उठली. कोपऱ्यातली वाटी घ्यायला वाकली.

"वाटी नको नेऊस," आक्का म्हणाल्या. "मोकळ्या हातानं जा."

*

मधुबनच्या जिन्यात दिवे लागत होते. कुठून तरी उदबत्तीचा वास येत होता.

गलांडेकाकूंनी दार अर्धंच उघडलं. हातात काडेपेटी.

"परत डबे घेऊन आलीस का?"

"नाही. विरजण हवंय."

"काय?"

"विरजण. मठातल्या आक्कांना. त्यांचं मांजरानं सांडलं."

काकूंनी तिच्याकडे पाहिलं. मग तिच्या रिकाम्या हातांकडे. मग बाहेरच्या आभाळाकडे.

"तिन्हीसांजेला? दिवेलागणीला कोणी दही मागतं? घरातली लक्ष्मी जाते बाहेर! एवढं शिकलीस, आईनं हे नाही शिकवलं?"

"शिकवलं की. दारात आलेल्या बाईला हाकलू नये, हेही शिकवलं."

"जीभ बघा हिची!"

"काकू, नसेल द्यायचं तर तसं सांगा. हल्ली तुमच्याकडे नाही म्हणायची पद्धतच आहे."

काकूंनी दार लावून घ्यायला हवं होतं. त्यांचा हात दारावर होताही. पण मठातल्या आक्कांनी मागितलेलं विरजण, आणि तिकडे चुलीवर गार होत चाललेलं दूध... घर चालवणाऱ्या बाईला हे सोसत नाही.

"मी देणार नाही," त्या म्हणाल्या. "या वेळेला घरातून काही द्यायचं नसतं. आलं तर येऊ द्यावं, द्यायचं मात्र नाही."

"ठीक आहे. येते."

"अगं, थांब की! सगळीच घाई. मी देत नाही म्हटलं. तू घे."

"म्हणजे?"

"म्हणजे आत ये आणि स्वतःच्या हातानं घे. मी दिलं तर ते देणं झालं. तू घेतलंस, तर मी कुठे दिलं?"

केतकी बघतच राहिली.

"म्हणजे नियम मोडायचा नाही. नुसता वळसा घालायचा."

"घेतेस की जातेस?"

केतकीने चपला काढल्या. वाण द्यायला ती या दारात आली होती, उटणं द्यायला आली होती, कॅलेंडर द्यायला आली होती. उंबरा तिने आज पहिल्यांदा ओलांडला.

स्वयंपाकघर लहान होतं. परातीत मळलेली कणीक होती. दह्याचा सट फ्रिजवर होता, मलमलीच्या फडक्याने झाकलेला.

"तो चमचा नको, ओला आहे. पाणी गेलं तर सगळं दही बिघडेल. तो घे. अगं, वरची साय नको, मधलं घे... आणि कशात नेणार? ओंजळीत?"

"आक्का म्हणाल्या, वाटी नेऊ नकोस."

"त्यांना काय जातंय म्हणायला." काकूंनी मांडणीकडे बोट दाखवलं. "ती वरची घे. झाकणाची. मी देत नाही हं, तू घेतेयस. आणि सांभाळून. माहेरची आहे."

बाहेरच्या खोलीतून गलांडेकाकांचा आवाज आला.

"कोण आलंय गं?"

"कोणी नाही," काकू म्हणाल्या. "आपली ती डबेवाली."

*

"हे घ्या तुमचं विरजण!"

केतकीने वाटी आक्कांपुढे ठेवली. ती बसली नाही.

"मिळालं?" आक्का म्हणाल्या.

"घेतलं. त्या देत नव्हत्या. दिवेलागणीला घरातून द्यायचं नसतं म्हणे, म्हणून मला आत नेऊन माझ्याच हाताने घ्यायला लावलं. काय तर म्हणे, आलं तर येऊ द्यावं, द्यायचं नाही! आणि हे असं बोलताना चेहऱ्यावरची सुरकुतीही नाही हलली!"

आक्का हसल्या. विरजण दुधात टाकलं. हलक्या हाताने ढवळलं.

"हसू नका, आक्का. मला अजिबात हसू येत नाहीये."

"दिसतंय."

"चमचाभर दह्यासाठी त्या बाईला क्षणात पळवाट सुचली. शास्त्र शाबूत आणि विरजणही दिलं. मग एका जित्याजागत्या बाईला घर द्यायचं म्हटलं की हिची अक्कल कुठे जाते? तिथे का नाही सुचत काही? तिथे सगळे नियम दगडासारखे!"

आक्का ढवळायच्या थांबल्या.

"हे तिला विचारलंस?"

"नाही."

"का?"

"दह्याच्या सटापाशी उभी होते मी. त्या म्हणत होत्या, साय नको, मधलं घे. तिथे कसं..."

ती बोलता बोलता थांबली. मग तिला स्वतःचाच राग आला.

"बघा! हेच नको होतं मला. चमचाभर दही दिलं आणि माझं तोंड बंद केलं. थोरवे सिस्टरना घर मिळणं हा त्यांचा हक्क आहे. त्यासाठी मी कुणाच्या स्वयंपाकघरात का जायचं? त्यांनी का जायचं? हक्काचं मागायला कुणापुढे गोड का व्हायचं?"

"तू गोड झालीस?"

"...नाही."

"मला नव्हतंच वाटलं."

आक्कांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. वर एक जाड पंचा गुंडाळला. मग काकूंची रिकामी वाटी धुतली, पदराने पुसली आणि दिव्यापाशी धरली. कडेवर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलं होतं. आक्का त्यावरून अंगठा फिरवत राहिल्या.

केतकीने ते पाहिलं. तिला मुद्दा सापडला.

"नाव तर तिच्यावरही आहे! माझ्या डब्यांवरचं नाव तुम्हाला खुपलं. आणि हे?"

"तुझं नाव डब्यावर होतं, माणसानं तुझ्याकडे यावं म्हणून."

"आणि त्यांचं?"

"वाटीनं घरी यावं म्हणून."

बाहेर कोयनेवरून गार वारा आला. अंगणात पसरलेले डबे एकमेकांवर आपटले. केतकीने ते गोळा करायला घेतले नाहीत.

"मला हे काही पटलेलं नाही," ती म्हणाली.

"नको पटू दे."

"तक्रार मी मागे घेणार नाही."

"घेऊच नकोस."

"आणि उद्या उठल्याबरोबर ही वाटी त्यांच्या दारात ठेवून येणार. त्यांचे उपकार मला नकोत. चमचाभरसुद्धा."

तिने हात पुढे केला.

आक्कांनी वाटी दिली नाही. त्या उठल्या. फडताळातला गुळाचा डबा खाली काढला, पण गूळ वाटीत घातला नाही. डबा तसाच केतकीपुढे ठेवला.

"सिस्टरांची उद्या रात्रपाळी आहे?"

"आहे. त्याच रात्रपाळीवरून तर... का?"

"दवाखान्याची वाट मधुबनवरूनच जाते ना?"

"दारावरूनच. पण का?"

पंच्यात गुंडाळलेल्या पातेल्यावर आक्कांनी एकदा तळवा ठेवून पाहिला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मग केतकीचा पुढे केलेला हात घेतला, त्यात वाटी ठेवली आणि तिची बोटं वाटीवर मिटवली.

"तू जाऊ नकोस," त्या म्हणाल्या. "कामावर जाता जाता थोरवे सिस्टरांना नेऊन देऊ दे. भरून... ऐन दिवेलागणीला."