न्हाणीघराबाहेरचा डबा

वस्तू माणसांशी बोलत होत्या, तेव्हाची गोष्ट. द्वारकाकाकूंच्या नव्या घरातला ब्रेकरचा डबा हट्टाला पेटला होता. "मला न्हाणीघरातच बसवा. काकू तिथे गातात."

"गाणं बाहेरूनही ऐकता येतं, बाबा," म्हणत हुसेनचाचा वायरमनने त्याला बाहेर कोरड्या भिंतीवर बसवलं. डबा आठवडाभर फुगून बसला होता.

काही महिन्यांनी एका सकाळी गाणं ऐन रंगात असताना गिझर बिघडला आणि वीज पाण्यात उतरू लागली. डब्याने ताबडतोब खटका पाडून वीज तोडली. काकू बचावल्या.

गिझर दुरुस्त करताना चाचा म्हणाले, "हा आत असता, तर वाफेने गंजून कधीच निकामी झाला असता."

दुसऱ्या दिवसापासून काकू इतक्या मोठ्याने गाऊ लागल्या, की गल्ली थांबून ऐकायची. डब्याला मात्र पक्कं ठाऊक होतं, गाणं कुणासाठी आहे.