बोलणं गिळणारा रांजण

एकदा काय झालं, नदीकाठी एक रंगशाळा होती. कापड रंगवायची मोठी जागा, बरं का. तिचा मालक धोंडशेट रंगारी. त्याच्याकडे होता एक जादूचा रांजण. कोपऱ्यात गुपचूप बसायचा आणि कुणी काही बोललं की गिळून टाकायचा. सकाळी धोंडशेट त्याला कान लावायचा. एखादी युक्ती ऐकू आली की म्हणायचा, "ही माझीच!" आणि ज्याची ती युक्ती, त्या माणसाला हाकलून द्यायचा. मग काय, माणसं गप्प राहायला शिकली.

पुढे धोंडशेट वारला. त्याची लेक गोजराबाई मालकीण झाली. आणि नेमका लाल रंग बिघडला. कापड लाल रंगात घालावं आणि निघावं काळपट! राणीचा निरोप आला, "सणाआधी लाल लुगडी आली नाहीत, तर रंगशाळा बंद."

गोजराबाईनं सगळ्यांना बोलावलं. म्हणाली, "काय चुकतंय? कुणाला सुचत असेल तर सांगा."

सगळे रांजणाकडे बघत राहिले. कुणी तोंड उघडेना.

मग तिनं चांदीचं कडं ठेवलं. सांगेल त्याला कडं. झालं उलटंच! हा माझी युक्ती पळवेल, अशा संशयानं जो तो दुसऱ्याकडे बघायला लागला. नवरा-बायकोसुद्धा एकमेकांशी बोलेनात.

मग तिनं मुसळ उचललं आणि सगळ्यांदेखत रांजण फोडला. अगं बाई! आत कोंडलेली सगळी बोलणी बाहेर पडली. कुजबुज, हसणं, भांडणं. त्यात एक जुना आवाज आला, "ठके, निळं कापड सावलीत वाळवून बघू या का?"

रंगशाळेतली म्हातारी ठकूमावशी मटकन खाली बसली. तिच्या नवऱ्याचा, येसोबाचा आवाज होता तो. बिचारा कधीच देवाघरी गेला होता. त्याच्या युक्तीनं आलेल्या निळाईवर नाव कमावलं धोंडशेटनं!

गोजराबाईचा चेहरा उतरला. पण ती म्हणाली, "मावशी, ती निळाई माझ्या बापाची नव्हती. आजपासून तिला येसोबाची निळाई म्हणायचं."

मावशी रडली. पण लोक? लोक म्हणाले, "दुसरा रांजण लपवला असेल."

मग मावशीच बोलली, "रंग नीट धरायला तुरटी वाढवून बघा." वाढवली. कापड साफ वाया गेलं. सगळ्यांना वाटलं, आता हिला काढणार!

गोजराबाई म्हणाली, "यानं होत नाही, एवढं तरी कळलं. बसा मावशी. आणखी काय करून बघू या?"

तेव्हा पाणी शेंदणारा राघोजी पुढे आला. म्हणाला, "बाई, माझ्या हातून लोखंडी कढई विहिरीत पडली. गंजून पाणी बिघडलं असेल. भीतीनं बोललो नाही."

गोजराबाईला राग आला. खरंच आला, बरं का. तिनं पदर कमरेला खोचला. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. चला, दोर आणा."

सगळ्यांनी मिळून कढई काढली, विहीर उपसली. नवं पाणी आलं आणि कापड निघालं जास्वंदीसारखं लालभडक! लुगडी राणीकडे वेळेवर पोचली. रंगशाळा वाचली.

त्यानंतर माणसं बोलायला लागली. काही जण मात्र बरेच दिवस आधी कोपरे तपासायचे, मग बोलायचे. गोजराबाई हसायची नाही. थांबायची. सगळी मजेत राहिली.

चला, पांघरूण ओढा आता. डोळे मिटा बघू.