दोरखाच आणि ठकूचा राहिलेला शब्द

ही समोर कड्याच्या ओठावर चीर दिसते ना, तिला आम्ही दोरखाच म्हणतो. जवळ जाऊन हात घाला, हरकत नाही. पाय मात्र मागे ठेवा. कोपरापर्यंत हात आत जातो आणि आतला दगड रांजणाच्या काठासारखा गुळगुळीत लागतो. पाण्यानं झिजली म्हणावं तर इथे ओढा नाही, कुणी कोरली म्हणावं तर छिन्नीची एक खूण नाही. ही खाच दोरानं पडली, असं सांगतात. तीही एका दुपारात.

आणि हा अलीकडचा बसका दगड म्हणजे ठकूचा धोंडा. त्यावर टेकू नका. ताई, राग मानू नका, पण तो मान एकाच घरचा आहे.

वर चढताना मी तुम्हाला काठ्या दिल्या तेव्हा 'घेऊन या' म्हणालो, तर तुमच्यातले एक जण हसले. 'घेऊन जा म्हणा की, आबा!' म्हणाले. त्याची गोष्ट मला इथेच सांगायची होती. घरातून निघताना आपण 'जातो' म्हणतो का? 'येतो' म्हणतो. आमच्याकडे हत्याराचंही तसंच. देणाऱ्यानं म्हणायचं 'घेऊन ये', घेणाऱ्यानं म्हणायचं 'आणतो'. बस, एवढाच करार. 'घेऊन जा' हे शब्द या सड्यावर, या कातळमाळावर, आजवर एकदाच बोलले गेले, म्हणे.

सड्याच्या दोन अंगांना दोन वाड्या, सावरटेक आणि मेसवाडी. दोन्हींना पूर्वीपासून वावडीचा नाद. वावडी म्हणजे पतंगाची थोरली बहीण. पुरुषभर उंच, कळकाच्या कामट्यांची, जुन्या धोतराचं कापड ताणून शिवलेली. सुगी उरकली की माणसं वावड्या बांधायला बसायची आणि शिमग्याला इथे येऊन उडवायची. त्यातून कुणाला दाणा मिळत नव्हता की मानपान. नाद तो नाद.

पण नादालाही हत्यारं लागतात आणि सगळी एकाच्या घरी कधीच नसतात. कामट्या तासायची पातळ सुरी एकाकडे, जाड कापडाचा दाभण दुसऱ्याकडे, वावडी ओढू लागली की कमरेला आवळायचा कातडी पट्टा तिसऱ्याकडे. हत्यार घरोघर फिरायचं, मालक बदलायचा नाही. देताना हत्याराची खोड सांगायची, हा दुसरा रिवाज. खोड प्रत्येक हत्याराला असते. सुरी डावीकडे ओढते, दाभण ओल्या कापडात रुततो. ती ज्याला ठाऊक तो मालक. दुसऱ्यानं ती विचारून घ्यायची, त्यात कमीपणा नव्हता.

मेसवाडीचा तुळाजी हा अबोल माणूस होता, असं सांगतात. हात मात्र बोलका. त्यानं तीन पावसाळे खपून शिवणीच्या लाकडाची एक आसारी केली. आसारी म्हणजे दोर गुंडाळायचं चाक. तोवर लोक नुसत्या दांडक्यावर दोर गुंडाळायचे आणि हात भाजून घ्यायचे. तुळाजीच्या आसारीला अटकण होती. वावडी कितीही ओढू दे, अटकण पाडली की चाक जागच्या जागी थांबायचं. सगळा सडा ती बघायला लोटला होता.

पहिल्यांदा ती मागायला आला सावरटेकाचा राणोजी. वावडी उडवावी तर त्यानं. वाऱ्याशी त्याची सोयरीक आहे, असं लोक म्हणायचे, आणि लोकांनी म्हटलेलं त्याला फार गोड लागायचं. तुळाजीनं आसारी त्याच्या हातात दिली, "घेऊन ये" म्हणाला आणि खोड सांगायला तोंड उघडलं. राणोजी हसला. "मला शिकवतूस व्हय रं? वावडी उडवण्यात हयात गेली माझी." आणि खोड न ऐकताच चालू लागला. "आणतो" तेवढं म्हणाला.

आणली नाही. तो शिमगा गेला, पावसाळा गेला. आमच्यात दिलेली वस्तू परत मागायची नसते. मागावी लागली तर लाज देणाऱ्याला वाटते. पुढच्या शिमग्याला सगळा सडा जमलेला असताना राणोजी तीच आसारी कमरेला बांधून आला, तेव्हा मात्र तुळाजीला बोलावं लागलं. "राणोजी, आसारी आणतूस न्हवं?"

"कुठली आसारी?" राणोजी म्हणाला. "ही माझी हाय. खूण बघ की." तापल्या सळईनं त्यानं लाकडावर आपली खूण डागली होती.

तुळाजीनं सगळ्यांकडे पाहिलं. दोन्ही वाड्यांना ठाऊक होतं आसारी कुणाची ते. पण खरं बोललं तर उद्या राणोजी आपल्याला आसारीला हात लावू देणार नाही, हे प्रत्येकाच्या मनात. सगळे मूग गिळून बसले. त्यात देवाचे पुजारीही होते, म्हणे.

तुळाजीला ते सोसलं नाही. त्यानं आपली वावडी नुसत्या हातांनी चढवली. "ह्या हातांनी केली हुती, ह्या हातांनी धरीन," एवढंच म्हणाला. वारा भरला, दोर हातातून सुटू लागला, त्यानं सोडला नाही. उजव्या हाताची तीन बोटं पेरापर्यंत चिरली. जखम चिघळली आणि पाडव्याची गुढी उतरायच्या आत तुळाजी गेला.

दहाव्याला कावळा शिवेना. गेलेल्याचं मन कशात अडकलंय ते ओळखून कुणीतरी शब्द द्यावा लागतो, हे तुम्हाला माहीत आहे. लोकांनी शब्दांवर शब्द दिले. ठकूला अंतर देणार नाही म्हणाले, शेत पेरून देऊ म्हणाले. कावळे झाडावर बसून राहिले. ठकू म्हणजे तुळाजीची बायको. ती लांब उभी होती, ती पुढे आली. "एकानं तरी म्हणा, आसारी तुळाजीची हुती. मग शिवंल." कुणी म्हटलं नाही. राणोजी तिथेच उभा होता ना! दुपार टळली तेव्हा दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला आणि माणसं घरोघर जेवायला गेली. दर्भाच्या कावळ्यावर भागवलं हो त्या माणसाचं.

नाव ठकू असलं तरी तिनं जन्मात कुणाला ठकवलं नव्हतं, आणि पुढे जे केलं तेही उघड्यावर, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दुसऱ्या दिवशी तिनं अंबाडीचा वाख आणला आणि अंगणात दोर वळायला बसली. वर्षभर वळत होती. बायका विचारायच्या, "ठके, एवढा दोर कुणाला गं?" ती म्हणायची, "मागंल त्याला."

मागणारा येणार हे तिला पक्कं ठाऊक होतं. राणोजीची हाव मोठी. आपली वावडी त्या समोरच्या डोंगराच्या पलीकडे उतरवून दाखवीन, असं तो बोलून बसला होता. एवढा लांब दोर दोन्ही वाड्यांत मिळून नव्हता, फक्त ठकूकडे. त्यानं निरोप धाडला. तिनं उलटा निरोप दिला, शिमग्याला वर या, सगळ्यांसमोर देते.

त्या दिवशी ती या धोंड्यावर बसली होती, दोराचं वेटोळं मांडीशी. राणोजी आला, दुप्पट मापाची वावडी घेऊन. ठकूनं दोर पुढे सरकवला. राणोजी सवयीनं "आणतो" म्हणून गेला, मग त्याच्या ध्यानात आलं, ती काही बोललीच नव्हती.

"वहिनी, शब्द?"

"शब्द मागनं देते, भावोजी. आसारीची खोड ठाव हाय न्हवं?"

लोकांनी कान टवकारले. राणोजीनं छाती पुढे काढली. "माझी आसारी, मला ठाव नसंल?"

"मग झालं," ठकू म्हणाली.

वावडी चढली. सांगतात की अशी वावडी त्याआधी कुणी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. डोंगराच्या डोक्यावर ती चिमणीएवढी झाली, तरी दोर सुटतच होता. राणोजीनं थांबवायला अटकण पाडली. थोडक्या दोराला, हलक्या वावडीला अटकण पाडली आणि उचलली, एवढंच त्यानं आजवर केलेलं. त्या ओढीत ती रुतून बसली. उचलेना. वारा वाढला आणि राणोजी घसरत कड्याकडे निघाला. आसारी पट्ट्यानं कमरेला आवळलेली, पट्ट्याची गाठ ओढीनं दगड झालेली. कड्याच्या ओठाला त्यानं दोन्ही टाचा रोवल्या आणि त्याच्या पायांमधून दोर दगडावर करकरू लागला. दगडातून धूर निघत होता, म्हणे.

दोर कापावा तर कोयते तिकडे झऱ्यापाशी, कळकाच्या ढिगाजवळ राहिले होते. दोघं जण धावले. बाकीचे राणोजीला धरायला गेले, पण ज्यानं पट्ट्याला हात लावला तोही फरफटला. दोर दगडात बोटभर गेला, मग वीतभर. तेव्हा लोक ठकूकडे वळले. म्हातारी भिवाई तिच्या पाया पडली. "ठके, खोड सांग गं बाई. माणूस जातंय."

"ज्याची आसारी त्याला ठाव," ठकू म्हणाली. धोंड्यावरून ती हलली नाही. "भावोजी, आसारी कुणाची?"

राणोजीनं दात आवळले. खोड विचारायची तर आसारी उसनी आहे हे कबूल करायचं, आणि तेच त्याच्यानं होईना. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. दोर कोपरभर आत गेला, एक टाच सुटली, आणि तेव्हा तो ओरडला. शिमग्याची बोंब ती काय, हिच्यापुढे काहीच नाही. दोन्ही वाड्यांत ऐकू गेलं, असं सांगतात.

"तुळाजीची! आसारी तुळाजीची! म्या घेतली हुती! वहिनी, खोड सांगा!"

ठकूनं डोळे मिटून ते ऐकलं. वर्षभर तिला एवढं एकच वाक्य हवं होतं. तिच्या गालांवरून पाणी आलं, म्हणे, आणि लोकांना वाटलं, सुटला राणोजी. ती उठली, चार पावलं पुढे आली.

"भावोजी, दोराचा शब्द राहिला हुता," ती म्हणाली. "घेऊन जा."

तो गेला. कोयतेवाले पोचले तेव्हा इथे नुसती खाच होती, गरम. खाली दरीत दोन दिवस शोधलं; ना माणूस सापडला, ना आसारी. वावडी मात्र डोंगरापलीकडे जाताना सगळ्यांनी पाहिली.

मग ठकू लोकांकडे वळली. "ऐकलं का, राणोजी काय म्हणाला? त्या साली ऐकू आलं न्हाई तुमास्नी. आता दर शिमग्याला ऐकायचं. त्याच्या घरचा माणूस कड्यावर उभा राहून हेच म्हणंल, आणि तुमी सगळ्यांनी 'ऐकलं' म्हणायचं. माझ्या घरचं माणूस ह्या धोंड्यावर बसंल. पुरं झालं असं वाटंल तवा ते 'घेऊन ये' म्हणंल. तवर न्हाई."

खोड तिनं पुढे सुनेला सांगितली. अगदी साधी होती. रुतलेली अटकण सोडवायची तर आधी चाक अर्धा फेरा मागे घ्यायचं, मग अंगठ्यानं खालची खुंटी दाबायची. मागे यायचं, एवढंच. दोन माणसांनी चाक धरलं असतं तर होण्यासारखं होतं.

आजही शिमग्याला इथे वावड्या चढतात. मुंबई-पुण्याची पोरं नायलॉनचा दोर आणि लोखंडी चाकं घेऊन येतात, तीही रिवाज पाळतात. उडवण्याआधी प्रत्येकानं उसन्या वस्तूंची नावं ओरडून सांगायची, सुरी अमक्याची, पट्टा तमक्याचा, आणि जमलेल्यांनी 'ऐकलं' म्हणायचं. पण त्या सगळ्यांच्या आधी एकच माणूस कड्यावर जातो आणि आठ पिढ्यांपूर्वी दरीत गेलेल्या आसारीचं नाव घेतो.

तो माणूस मी. राणोजी आमचा. ठकूनं चूक केली की बरोबर, हे मला विचारू नका. ते ठरवायचा हक्क आमच्या घराला नाही.

ठकूच्या घरी आता इंदूबाई आहेत. तालुक्याला पोस्टात होत्या, आता इथेच असतात. एरवी त्यांच्या घरचं ताक मला येतं आणि माझा फणस त्यांच्याकडे जातो. माझ्या गुडघ्याला तेल त्यांनीच आणून दिलं. गेल्या शिमग्याला मी कड्यावर उभा राहिलो, 'तुळाजीची, म्या घेतली हुती' म्हणालो आणि वयामुळे आवाज मध्येच फाटला. सगळे 'ऐकलं' म्हणाले. मी वळून पाहिलं. इंदूबाई या धोंड्यावर बसल्या होत्या, माझ्याकडेच बघत. मला वाटलं, आज 'घेऊन ये' म्हणतील.

त्यांनी पदर झटकला, उठल्या आणि खाली उतरून गेल्या. संध्याकाळी नेहमीसारखं ताक आलं. शब्द आजही आलेला नाही.