विरजण कुठनं आणलंस?

"मग खोटं बोलू की नको, एवढंच सांगा ना बाबा!"

जयमालानं हे तिसऱ्यांदा विचारलं.

टेकडीवरच्या मठीत सोमगीरबाबा चुलीवरून उतरवलेल्या दुधात बोट बुडवून बघत होते. दूध अजून पोळत होतं. त्यांनी बोट धोतराला पुसलं.

"काय खोटं बोलणार आहेस?"

चला, एकदाचं विचारलं तरी. तिनं कनवटीची घडी सोडली. वहीतला फाडलेला कागद होता. चार दिवस ती तो पाठ करत होती, भाकरी थापताना, नळावर नंबर लावून उभी असताना.

"मी सहा वर्षं एकाच ठिकाणी काम केलं. मामांच्या खानावळीत. आता मामांनी खानावळ बंद केली, म्हणून आले."

तिनं कागदाकडे न बघता एका दमात म्हणून दाखवलं.

"मामांना सांगून ठेवलंय. फोन आला तर ते हो म्हणतील."

"आणि खरं काय?"

"खरं?" जयमाला हसली, पण ते हसू लगेच विरलं. "पाच कामं झाली बाबा. पापडाचा कारखाना, मंगल कार्यालय, दवाखान्याची कँटीन, डब्यांचं केंद्र... मधे चार महिने साडीच्या दुकानात पण होते. हे असं सांगितलं तर कोण ठेवून घेईल? म्हणतील, ही बाई कुठंच टिकत नाही."

उद्या सकाळी तालुक्याला तिची मुलाखत होती. मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाची जागा. तिथल्या रेक्टरबाई म्हणे खोदून खोदून विचारतात. पगार बेताचाच, पण त्या कामासोबत राहायला एक खोली मिळणार होती.

जयमालाला ती खोली हवी होती.

नवऱ्याच्या माघारी ती एका मैत्रिणीच्या घरात पडवीला राहत होती. चार वर्षांची आर्वी आठ महिने झाले आजोळीच होती. मागच्या खेपेला जयमाला भेटायला गेली, तेव्हा पोरगी आजीच्या मागं लपली. नंतर आली मांडीवर. पण आधी लपली.

"बोलण्यात कुणाला ऐकायची नाही मी," ती म्हणाली. "भल्याभल्यांना गप्प करते. तुम्ही फक्त हो म्हणा."

"ते बघतोयच मी मघापासून." बाबांनी पुन्हा बोट बुडवलं. "कोमट झालं. जा, विरजण आण."

त्या मठीत येईल त्याला ताक मिळायचं. पण मठीचं स्वतःचं विरजण बाबांनी कधी ठेवलं नाही. मडकं रोज घासून पालथं घालायचं, आणि विरजण खालच्या वस्तीतून मागून आणायचं. कुणाच्या घरचं, ते आणणाऱ्यानं ठरवायचं.

जयमाला पुटपुटतच टेकडी उतरली. उद्याचा दिवस डोक्यावर आणि ह्यांना दह्याची पडलीय! चढून आली तेव्हा तिला धाप लागली होती. हातात वाटी, वाटीवर पळसाचं पान.

बाबांनी मडक्यात दूध ओतून ठेवलं होतं. फरशी उंचसखल, मडकं डुगडुगत होतं. त्यांनी तिचा चुलीपाशी राहिलेला कागद उचलला, चार घड्या घातल्या आणि मडक्याखाली सारला.

मडकं थांबलं.

"अहो बाबा, माझा कागद..."

"विरजण कुठनं आणलंस?"

"तानूकाकूकडनं."

"तिच्याकडं कुठनं आलं?"

"तिच्या सुनेनं माहेरून आणलं होतं. दिवाळीला."

"आणि माहेरी?"

"आता मला काय ठाऊक! आणलं असेल कुणा शेजारणीकडनं."

बाबांनी वाटी नाकाशी नेली. कपाळाला आठ्या घातल्या. खुर्चीत बसलेल्या साहेबासारखी मान ताठ केली.

"टाकून दे."

"का?"

"चार-पाच घरं फिरलेलं दिसतंय. कुठं टिकलं नाही. असलं काय कामाचं?"

"अहो, टाकून काय दे!" जयमालानं वाटी जवळजवळ हिसकावूनच घेतली. "तानूकाकूचं दही सुरीनं कापावं असं लागतं, साऱ्या वस्तीला विचारा. घरं फिरलं म्हणून वाईट होतं होय? ज्या घरी गेलं तिथं दही लागलं ना, मग झालं की! दूध दरवेळी नवं असतं, पण विरजण..."

ती थांबली.

वाटी हातात तशीच राहिली.

खाली वस्तीत कुणाची तरी शेळी ओरडत होती.



मग बाबा म्हणाले, "मी रेक्टरबाई. पापडाचं काम का सोडलंस?"

"सोडलं नाही. पावसाळ्यात कारखाना बंद पडला."

"तिथनं वाटीत काय आणलंस?"

"वाटीत?" ती जरा घुटमळली. "पीठ... हाताला लागलं की कळतं मला, पाणी किती कमी ते. अजून कळतं."

"कार्यालयातनं?"

"चारशे माणसाचा भात. एक शीत कच्चं राहत नाही."

"दवाखान्यातनं?"

"बिनमिठाचं ताट वेगळं ठेवायचं, त्याच्यावर वाटी पालथी घालायची. म्हणजे चुकत नाही." आता तिचा आवाज मोकळा झाला होता. "साडीच्या दुकानातनं मात्र काहीच नाही आणलं. पाय दुखायचे नुसते."

बाबा खुदकन हसले. मग विचारलं, "आणि डब्यांच्या केंद्रातनं?"

जयमालाची मान खाली गेली.

एवढंच तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. मामांनाही नाही.

"तिथनं मला काढलं बाबा."

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"आर्वीला ताप होता. सारखा जीव तिच्यात. गॅसवर भाजी ठेवली आणि कुणाला न सांगता घरी पळाले. भाजी जळून कोळसा. साठ माणसं उपाशी राहिली. मालकीण बोलली, ती खरंच बोलली."

"मी ते विचारलं नाही. आणलंस काय?"

तिनं डोळे पुसले.

"आता गॅस सोडायचा तर आधी हाक मारते. 'मी चालले, इकडं बघा' म्हणते. कुणाची मदत मागायची मला लाज वाटायची... ती गेली."

बाबांनी मडक्याकडे बोट केलं. जयमालानं वाटीतलं विरजण हलकेच दुधात सोडलं, पळीनं एकदा ढवळलं आणि वर फडकं बांधलं.

ऊन उतरत आलं होतं. शेवटची एसटी चुकवून चालणार नव्हतं. ती उठली, पदर खोचला, पुन्हा बसली.

"बाबा, हे सगळं सांगेन मी. पण त्या विचारतीलच, इथं तरी टिकशील का? त्याला काय सांगू?"

बाबा चुलीतला विस्तव सारखा करत राहिले.

ती पाया पडली. दाराशी गेल्यावर तिला कागद आठवला. परत येऊन तिनं मडक्याच्या काठाला हात घातला, दुसऱ्या हातानं खालची घडी चाचपली.

"हात काढ, पोरी."

"कागद घेते ना, बाबा."

"दही लागतंय... आता हलवू नकोस."