सिंहासनाच्या पायातील सात खोल्या

एका राज्यात भिवजी नावाचा राजसुतार होता. त्याने सांधलेले लाकूड नेमके कुठे सांधले आहे, हे कुणालाच दाखवता येत नसे, आणि ही गोष्ट तो स्वतःच चारचौघांत सांगत असे. एके दिवशी सिंहासनाच्या पायाला बोट जाईल एवढे गोल भोक दिसले. भिवजीने आत डोकावूनही पाहिले नाही. भुसा नि सरस मळून भोक भरले, घासून गुळगुळीत केले आणि राजाची शाबासकी घेतली.

त्याच घटकेला राजकन्येच्या महालाचे दार भिंतीत मिटून गेले. आत राजकन्या होती आणि तिची सखी गोजरी, भिवजीची एकुलती एक मुलगी. पहारी मोडल्या, पण भिंतीवर ओरखडा उठला नाही. आतून येणाऱ्या हाका दिवसेंदिवस बारीक होत चालल्या. भिवजीचे अन्नपाणी तुटले.

बागेतल्या सुतारपक्ष्याने त्याला सांगितले, की ते भोक एका काळ्या भुंगीचे घर होते, शापही तिचाच, आणि ती वठलेल्या आंब्यावर बसते. भिवजी हात जोडून तिच्यापुढे उभा राहिला.

"मी केले ते तू कर," भुंगी म्हणाली. "लोखंडावाचून लाकूड कोर."

तीन दिवस गारगोटीने खरवडून त्याने वीतभर बोगदा कोरला. बोटांची सालटी निघाली. मग तिने फूल न तोडता पराग मागितला. आणखी तीन दिवस मोरपिसाने फुले झाडून, पराग मधात मळून त्याने सुपारीएवढा लाडू वळला. असा एकेक लाडू ठेवायचा, त्यावर एक अंडे घालायचे, पुढे भुशाची भिंत बांधायची. अशा सात खोल्या भुंगीने सिंहासनाच्या पायात केल्या होत्या.

"आता माझ्या पोरांचे दार उघड," ती म्हणाली.

हे तर हातचे काम, असे भिवजीला वाटले. तो सिंहासनापुढे बसला, पण स्वतःचेच सांधकाम त्याला सापडेना. नजर हरली, बोटे हरली. शेवटी त्याने लाकडाला कान लावला. एका जागी बारीक गुणगुण होती. तिथे त्याने अलगद पटाशी चालवली.

सहा पोरे एकामागून एक बाहेर आली आणि पंख झटकून खिडकीतून उडाली. सातवे आले नाही. तिकडे महालाचे दार उघडले, राजकन्या राजाकडे गेली, गोजरी धावत येऊन बापाला बिलगली. राज्य पूर्ववत झाले. राजाने तो पाय भुंगीच्या वंशाला कायमचा दिला.

भिवजीने सातवे पोर तळहातावर काढून भुंगीपुढे धरले. ते केव्हाच मेले होते.

"माझ्या हातून गेले," तो म्हणाला.

"होय," भुंगी म्हणाली. "तुझी बाहेर आली. तिला घरी ने."