लुगडेओळीतली सुकी घटका

ही आमची लुगडेओळ. दोन्ही बाजूंना साड्यांची दुकानं, मधे डांबरी रस्ता, आणि वऱ्हाडातलं वैशाखाचं ऊन. मी या ओट्यावर बसून चाळीस वर्षं साड्यांना फॉल लावतोय. बसा, पण त्या फरशीवर नको, चटका बसेल. तुम्ही आत्ता त्या दुकानातून घाम पुसत बाहेर आलात आणि विचारलंत, की भर तीन वाजता यांनी एसी बंद का केला, काचेचं दार सताड उघडून मालक अनवाणी पायरीवर का उभा राहिला? गिऱ्हाईक आत उकडून निघतं आणि हा बाहेर उन्हात उभा! याला आमच्याकडे सुकी घटका म्हणतात. अक्षय्य तृतीयेपासून मृगापर्यंत रोज पाळतात. का पाळतात ते आता निम्म्या मालकांना ठाऊक नाही. विचारलं तर बापजाद्यांपासून आहे म्हणतात आणि गल्ल्याकडे बघतात.

वीज यायच्या कितीतरी आधीची गोष्ट आहे. तेव्हा दुकानाच्या दाराला वाळ्याची ताटी लावत. वाळ्याच्या मुळ्यांची ही जाड चटई दारभर सोडायची आणि बाहेरून तिच्यावर पाणी मारत राहायचं. झळ त्या ओल्या वाळ्यातून आत गेली की गार होते, वासही छान येतो. लग्नाचा बस्ता काढायला आलेली बायामाणसं दुपारभर बसत, कारण बाहेर जायला जीवच धजत नसे. ज्याची ताटी ओली, त्याच्याकडे गिऱ्हाईक. पण ताटी ओली ठेवायची तर कुणीतरी बाहेर उभं राहायला हवं, आणि ते कोण, हे आत बसलेल्याला दिसत नाही. ताटीतून गारवा आत येतो, बाहेरचं काही दिसत नाही.

या ओळीत व्यंकटशेट म्हणून एक व्यापारी होते. माणूस वाईट नव्हता असं सांगतात. मला तेच जास्त मनाला लागतं. त्यांच्या ताटीवर पाणी मारायला ठकूबाई नावाची ढिवरीण होती, नदीवर मासे धरणाऱ्यांतली. नवरा नदीत बुडून गेलेला, पदरी एकच मुलगी, मंजुळा. मंजुळेचं लग्न ठरलं होतं. ठकूबाई शेटजींना म्हणाली, "मले मजुरी नोको, शेटजी. पोरीले हळदीचं एक पिवळं लुगडं द्या."

शेटजी हसत म्हणाले, "हळदीच्या दिवसापर्यंत ताटी सुकली नाही, तं लुगडं तुह्यं. एक डाव जरी सुकली, तं गेलं समजजो."

थट्टेतच बोलले असतील. पण तिनं ती गोष्ट देवाच्या शब्दासारखी धरली. त्याच संध्याकाळी जाऊन लुगडं निवडून ठेवलं, लाल काठाचं. शेटजींनी ते घडी करून वरच्या फळीवर ठेवलं. रोज ताटी भिजवताना ती कडेच्या फटीतून त्या फळीकडे बघून घ्यायची, असं म्हणतात.

ते वर्ष कोरडं होतं. ओळीच्या टोकाची विहीर वैशाखाच्या सुरुवातीलाच आटली. मग ठकूबाई नदीच्या वाळूत झिरा उकरून पाणी आणू लागली. वाटी वाटीनं घागर भरायची, कोसभर चालत यायचं, ताटीवर ओतायचं आणि पुन्हा नदीकडे. होता होता हळद दुसऱ्या दिवसावर आली, म्हणजे कराराचा हा शेवटचा दिवस. त्याच दिवशी एका मोठ्या घरचा बस्ता शेटजींकडे आला. बारा-पंधरा माणसं, नवरीसकट. तिसऱ्या प्रहरी झिऱ्यालाही पाणी लागेना. ठकूबाईनं हातानं उकरून उकरून कशीबशी अर्धी घागर भरली. ती घेऊन आली तेव्हा तिच्या पायांचा तोल जात होता, हे समोरच्या दुकानातल्या कुणीतरी पाहिलं म्हणे. पाहिलं आणि आपल्या दाराची ताटी खाली सोडून घेतली.

ताटीच्या कडा पांढुरक्या पडायला लागल्या होत्या. घागरीत होतं तेवढंच पाणी. आत रांजण भरलेला होता, वाळा घातलेला, गिऱ्हाइकांसाठी. तिनं हाक मारली असती तर शेटजींनी तांब्या दिला असता, मला तसं वाटतं. पण हाक मारली की शेटजी बाहेर येणार, ताटी बघणार. तिनं एक घोटही न घेता घागर ताटीवर उपडी केली आणि पायरीवर बसली.

यापुढचं जे सांगतात, ते मी सांगतो, पटेल न पटेल. अर्धी घागर म्हणजे किती वेळ? या उन्हात पाऊण घटकासुद्धा नाही. पण ताटी सुकली नाही. थेंब थेंब गळतच राहिली. आत नवरीची आई म्हणत होती, "किती गार हाय हो तुमच्या दुकानात, उठावंच वाटत नाही." म्हणून ते उठले नाहीत. आणखी शालू उलगडले, आणखी पातळं पाहिली. दिवे लागायच्या सुमाराला बस्ता बांधून झाला. शेटजींनी निरोप द्यायला ताटी वर केली. पायरीवर ठकूबाई भिंतीला टेकून बसलेली होती. अंग गार पडलं होतं. ताटी अजून ठिबकत होती.

मंजुळेला बोलावून आणलं. शेटजींनी फळीवरचं लुगडं काढलं आणि दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरलं. त्यांना रडू आवरेना. तिनं ते घेतलं, उलगडलं आणि आईला पांघरलं. मग म्हणाली, "ताटी सुकली असती तं तुमी भाईर आले असते, शेटजी."

एवढंच बोलली. तिचं लग्न झालं की नाही, कुणी सांगत नाही.

शेटजींनी पुढे ताटी लावली नाही. बाकीच्यांनी लावली. पण पुढच्या उन्हाळ्यात ओळीतल्या एकाही ताटीतून गारवा येईना. पाणी मारावं, वाळा ओलाचिंब व्हावा, आणि आत मात्र भट्टीची झळ यावी. गिऱ्हाईक तुटलं. तेव्हा मंडळी शेटजींकडे गेली. ते म्हणाले, "रोज तिसऱ्या प्रहरी ताटी सुकू द्या. मालकानं सोता भाईर जावं, अनवाणी उभं राहावं, आन भाईर जो असंल त्याले पाणी देऊन इचारावं, बरं हाय ना म्हणून." तसं केलं आणि गारवा परत आला, असं सांगतात. गिऱ्हाईकही परत आलं. प्रथा गिऱ्हाइकासाठीच टिकली, मला तरी दुसरं कारण दिसत नाही.

आजही तीन वाजता ओळीतली सगळी यंत्रं बंद होतात. पूर्वी ताटी पुरती सुकेपर्यंत उभं राहत. आता गिऱ्हाईक कुरकुरतं, म्हणून दोन मिनिटं. पाणी द्यायचं कधीच मागे पडलं. हे माझ्या डोक्यावर यंत्राचं मागचं तोंड आहे ना, आतली सगळी गरमी इथे सोडतात. गेल्या वैशाखात माझ्या शेजारी बसणारा मोत्या पिकोवाला इथेच कलंडला. पावणेचार वाजले होते, घटका होऊन गेली होती, कुणी बाहेर आलं नाही.

आजही मालक पायरीवर येतो, माझ्याकडे बघतो आणि विचारतो, "बरं हाय ना, काका?" मी सुई बाजूला ठेवून तोंड उघडेपर्यंत काच लागलेली असते.