हैबतीची शेवंती

डोंगराच्या पोटाशी वसलेल्या एका गावात हैबती नावाचा एक माळी राहत होता. थंडी पडू लागली की गावातली माणसं शेकोटीजवळ सरकत. हैबती मात्र बागेत जाई. दिवाळी सरली की त्याचा खरा सण सुरू होई. सकाळी दवानं भिजलेल्या मेथीच्या वाफ्यातून तो अनवाणी फिरे. वालाच्या वेलाची कोवळी शेंग मोडून तशीच तोंडात टाकी. मुळा किती भरला ते बोटांनी माती उकरून पाही आणि माती पुन्हा हळूच लोटून ठेवी. मग कांबळं पांघरून बांधावर बसे. कोवळं ऊन पाठीवर घेत शेवंतीच्या कळ्यांकडं बघत राही.

तो कंजूष नव्हता. कुणाकडं पाहुणा आला तर वांगी धाडी. लग्नघरी न मागता फुलं पोचवी. "हैबतीचा हात मोकळा," असं लोक म्हणत. त्यालाही तसंच वाटे.

त्या वर्षी शेवंतीला पानागणिक कळी धरली होती. मार्गशीर्षात एके दिवशी वारा एकदम पडला. आकाश लख्ख निवळलं. आज दव गोठणार आणि झाडं करपणार, हे हैबतीनं ओळखलं. तो घरोघर फिरला आणि ज्याच्याकडं गुरांना पुरून उरला होता त्याचा पेंढा मागून आणला. कुणी नाही म्हटलं नाही. दुपारपर्यंत बांधावर मोठा ढीग लागला.

गावाबाहेर ओढ्याकाठी पाथरवटांचं एक पाल होतं. जात्या-पाट्यांना छिन्नीनं टाकी लावून देणारी ही माणसं दर हिवाळ्यात येत. भागू म्हातारी, तिचा मुलगा आणि सून. सून नुकतीच बाळंत झाली होती.

दिवस मावळताना भागू बागेच्या कवाडाशी आली. हैबती पेंढ्यानं वाफे झाकत होता.

"दादा, भाराभर पेंढा दे," ती म्हणाली. "वरून घ्यायला गोधड्या हायेत. पण खालची भुई ओली हाय. गारठा खालनं चढतोय. लेकरू निळं पडाय लागलंय."

"गावात विचारलंस का?"

"समद्यांकडं जाऊन आले. पेंढा हैबतीनं नेला म्हणत्यात."

हैबतीनं मागं पाहिलं. भाजीचे वाफे झाकून झाले होते. शेवंती अजून उघडी होती, आणि तिच्यापुरताच पेंढा उरला होता.

त्याची बायको कोंडाई तिथंच उभी होती. ती म्हणाली, "द्या की हो. फुलं काय, पुढल्या साली पुन्हा येतील."

"उन्हाळाभर घागरी वाहून जगवलीय मी ही झाडं. एका रातीत घालवू?" हैबती म्हणाला. मग भागूकडं वळून मऊ आवाजात बोलला, "आजी, आजची रात कशीबशी काढा. सकाळी ऊन आलं की सगळा पेंढा तुझाच. मी स्वतः डोक्यावर आणून टाकतो."

"रातीचंच तर भ्या वाटतंय, दादा."

"बाळंतिणीला आमच्या ओसरीवर आणा," कोंडाई म्हणाली.

"तिला उभं ऱ्हावत नाही, बाई. कशी आणू?"

कोंडाईनं घरातलं घोंगडं आणून तिला दिलं. ते घेऊन भागू निघून गेली. हैबती पुन्हा कामाला लागला. तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळावं तसा त्यानं एकेका रोपाभोवती पेंढा बसवला. काम पुरं झालं तेव्हा त्याला समाधानाची झोप लागली.

सकाळी सारं शिवार पांढरं पडलं होतं. शेजारच्या मळ्यातली वांगी काळी होऊन माना टाकून उभी होती. हैबतीनं पेंढा दूर केला. शेवंती हिरवीगार होती. दोन पिवळी फुलं उमलली होती. तो मोठ्यानं हसला. त्यानं कोंडाईला हाक मारली, पण ती घरात नव्हती.

मग त्याला आपला शब्द आठवला. पेंढ्याचा भारा डोक्यावर घेऊन, बाळंतिणीसाठी ती दोन फुलं खुडून तो ओढ्याकडं गेला. पालापुढची चूल थंड होती. भागूचा मुलगा करंजाखाली लहानसा खड्डा खणत होता. आत बाळंतिणीला कवेत धरून कोंडाई बसली होती. भागूच्या मांडीवर घोंगड्याचं गाठोडं होतं.

हैबतीनं भारा खाली टाकला. कुणी वर पाहिलं नाही. काय करावं ते न सुचून त्यानं फुलं पुढं केली.

"काल म्या तुझ्याकडं फुलं मागितली नव्हती, दादा," भागू म्हणाली.

पुढं काही दिवसांनी, बाळंतीण उभी राहिल्यावर, पाल हललं. गावानं हैबतीला बोल लावला नाही. "थंडीत तान्ही पोरं जातातच," लोक म्हणाले. "बाग त्याची, कष्ट त्याचे." हैबती मान डोलवी. शेवंती भरभरून फुलली. बायाबापड्या पाहायला आल्या. कोंडाईनं मात्र एकही फूल केसात माळलं नाही, आणि बागेत पुन्हा पाऊल टाकलं नाही. हैबती सकाळी बांधावर बसे, पण उन्हाची ऊब त्याच्या पाठीला लागेना.

पुढच्या हिवाळ्यात थंडी पडण्याआधीच त्यानं ओढ्याकाठी पेंढा नेऊन रचला आणि वाट पाहिली. पाथरवट आले नाहीत. त्यानंतरही कधी आले नाहीत. दव गोठलं, शेवंती उघड्यावर करपली. ओढ्याकाठचा पेंढा गावची गुरं खाऊन गेली.

तात्पर्य: उरलंसुरलं वाटणं हे औदार्य नव्हे, दुसऱ्याच्या निकडीपुढं आपलं लाडकं सोडता येणं हेच औदार्य. आणि ज्याची गरज आजची आहे, त्याला दिलेला उद्याचा वायदा हा नकारच असतो.